खिडकीची खोली टाचणीला

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा नाटक-सिनेमात चरित्र भूमिका करणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. कोणाच्या धाकाने, लाडीगोडीने किंवा रडारडीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने मी माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवते. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते, म्हणून रद्द समजावे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

सर्वांची पूर्ण नावे व पत्ते वकिलांनी जोडपत्रात टाइप केले आहेत. इथे मात्र मी ज्या हाकेने माणसं ओळखते, तीच हाक लिहिणार. वकील म्हणाले, "बाई, हे कोर्टात चालायला हवं." म्हटलं, "कोर्टात जोडपत्र चालवा. हे मला चालू द्या."

कलम एक. मी कोण.

एकोणिसाव्या वर्षी मी नाटक कंपनीत नायिका व्हायला गेले. चौथ्याच दिवशी आईचं काम करणाऱ्या बाई जिन्यात घसरल्या आणि त्यांचा घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. प्रयोगाला दोन तास उरले होते. मॅनेजरने आम्हा सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं, एकेकीचं तोंड बघितलं आणि माझ्यापाशी थांबून म्हणाला, "हिचा चेहरा समजूतदार आहे." माझ्या केसांत पावडर ओतली. नायक माझ्याहून सहा वर्षांनी मोठा होता. त्याला मी मांडीवर घेऊन थोपटलं. लोक रडले. झालं, तिथेच माझं भविष्य ठरलं.

त्यानंतरची एकोणसाठ वर्षं मी कोणाची ना कोणाची आई, सासू, आत्या, घरमालकीण, परिचारिका, आणि एका मालिकेत तीन वर्षं न्यायाधीश होते. सिनेमात माझं मुख्य काम दार उघडण्याचं. नायक दार वाजवतो, मी उघडते, त्याचा चेहरा वाचते आणि "आत ये" म्हणते. एका दिग्दर्शकाने मला सांगितलं होतं, "तुमच्यासारखं दार कोणी उघडत नाही." हे कौतुक मी जपून ठेवलं आहे. रस्त्यात लोकांना माझं नाव आठवत नाही. भाजीवाली म्हणते, "तुम्ही त्या सिनेमात मेलात ना? मी किती रडले हो!" आणि टोमॅटो निवडून देते. मी समाधानी आहे.

कलम दोन. यजमानांच्या वह्या.

माझे यजमान कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून, वही मांडीवर धरून, नट अडखळला की पुढचे शब्द पुरवायचे. त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. घरातही त्यांचा आवाज कधी चढला नाही. भांडताना मला त्यांच्या जवळ जाऊन भांडावं लागे, नाहीतर ते काय म्हणतायत ते कळतच नसे. त्यांच्या हातच्या एकतीस नाटकांच्या वह्या लोखंडी कपाटात आहेत. समासात त्यांनी कोण कुठे अडखळतो ते पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. या वह्या नाट्यशाळेच्या वाचनालयाला द्याव्यात. अट एकच. समासातलं काही खोडायचं नाही. मोठमोठी माणसं कुठे अडखळली हे मुलांना कळू द्या, त्यांचा धीर वाढेल.

आता जे लिहायचं आहे त्यावाचून पुढची कलमं कोणाला कळणार नाहीत.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझे कान जायला लागले. कळलं ते डबिंगच्या खोलीत. पडद्यावर माझंच तोंड हलत होतं आणि मी सारखी म्हणत होते, "आवाज वाढवा." शेवटी ध्वनिमुद्रक काच ठोठावून आत आला. "बाई, काटा टोकाला टेकलाय. आता मशीन जळेल." मी हसून म्हटलं, सर्दी झालीय. घरी आले आणि यजमानांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. की बोलले, आणि मला ऐकू आलं नाही, कोण जाणे.

बहिऱ्या नटीला कोण काम देणार? आणि प्रॉम्प्टरची कुजबुज जिला ऐकू येत नाही, ती नाटकात उभी कशी राहणार? आम्ही दोघांनी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. लेकीलासुद्धा नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या तोंडून मैत्रिणींत जाईल, मैत्रिणींच्या तोंडून कंपनीत येईल, असा माझा हिशेब. यजमानांनी पेन्सिलीएवढा टॉर्च आणला आणि काचेवर रुमाल बांधला. विंगेत एकदा चमकला म्हणजे "आता तुझं वाक्य." दोनदा चमकला म्हणजे "थांब, लोक हसतायत." ओठ वाचायला मी आरशासमोर शिकले. माझ्याशी बोलणारा माणूस समोर असला की मला सगळं कळे. पाठीमागे असला की काही नाही.

कलम तीन. रंगपेटी, टोप व इतर जंगम वस्तू.

रंगपेटी नाट्यशाळेतल्या त्या मुलीला द्यावी जी यंदा आजीचं काम करते आहे आणि रडत रडत करते आहे. तिला सांगावं, पिवळी कांडी सुरकुतीत नाही, सुरकुतीच्या कडेला लावायची.

पांढरा टोप कोणालाही देऊ नये, कारण तो दिला गेला आहे. टोपवाल्या काकांची त्यावर तीस वर्षं नजर होती. त्यांना मृत्युपत्रातून द्यावा म्हटलं तर वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. साक्षीदार तर मला तेच हवे होते. म्हणून मी तो जिवंतपणीच त्यांच्या हातात ठेवला. काकांनी एकदा, यजमान गेल्यावर, माप घेता घेता माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं होतं, "कानांवर केस थोडे जास्त आणू का?" मी म्हटलं, "आणा." का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. पुढे कानातलं मशीन आलं तेव्हा ते त्या केसांखाली अगदी बेमालूम बसलं.

सहाय्यक अभिनेत्रीचं एक बक्षीस आहे, पितळी, जड. त्याने दार अडवावं. आजही त्याचा तोच उपयोग होतो.

कलम चार. टाचणी.

हे कलम लांब आहे. वकिलांनी दोन ओळींचा मसुदा दिला होता, तो मी परत केला.

टाचणी म्हणजे अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. दोन जावांचं ते नाटक आम्ही दोघींनी एकोणीस वर्षं केलं, अकराशेच्या वर प्रयोग. मी थोरली जाऊ, ती धाकटी. ती मला रंगमंचाबाहेरही थोरलीच म्हणते, वयाने मात्र ती माझ्याहून एका वर्षाने मोठी आहे. यातली सतरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. म्हणजे रंगमंचावर गळ्यात गळे घालायचो, पडदा पडला की तोंडं दोन दिशांना.

कारण असं झालं. मी सेहेचाळीस वर्षांची असताना एका मोठ्या सिनेमात आईचं काम होतं. नुसतं दार उघडायचं नव्हे, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत असलेलं काम. निर्मात्याचा निरोप टाचणीकडे आला होता, की थोरलीला उद्या सकाळी दहाला स्टुडिओत पाठवा. मला निरोप मिळाला नाही. मी गेले नाही. निर्मात्याने चिडून ते काम टाचणीलाच दिलं. ती त्या कामाने घराघरांत पोचली. मला वाटलं, हिने माझा निरोप गिळला. मी तिला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले आणि त्या दिवसापासून अबोला धरला. तिने एकदाही उलटून उत्तर दिलं नाही. मला वाटलं, अपराधी आहे म्हणून गप्प.

पुढे मी बावन्न वर्षांची असताना यजमान गेले. टॉर्च विझला. तेराव्या दिवशी प्रयोग होता आणि मी एकटीच रंगमंचावर गेले. पण प्रयोग पार पडला. पुढचाही पडला. मला वाटलं, मी शिकले. मला आता कोणाची गरज नाही.

एकच त्रास होता. टाचणी माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहायला लागली होती. तिने प्रेक्षकांकडे बघून बोलायची वाक्यंसुद्धा ती माझ्याकडे तोंड करून बोलायची. मला वाटे, माझा चेहरा लोकांना दिसू नये म्हणून चाललंय. मी मेकअपवाल्या दादांकडून निरोप धाडला, "धाकटीला सांगा, जरा बाजूला सरक." दादा तिच्या खोलीतून परत आले. "त्या म्हणतात, थोरलीला सांगा, जमणार नाही."

आणखी एक खोड होती. दुसऱ्या अंकात तिच्या हातात चहाचा कप असे. तो ती मध्येच टक्कन बशीत ठेवी, आणि नेमका तेव्हाच फोन वाजलेला असे, किंवा दारावर थाप पडलेली असे. ती थाप मला ऐकू येत नव्हती, कप ठेवलेला दिसत होता. मी उठून दार उघडी. तरी मला काही सुचलं नाही. माणूस रागात असला की डोळे असून उपयोग नसतो.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका वाहिनीने ते नाटक चित्रित केलं. मी त्रेसष्ट वर्षांची होते. घरी खुर्चीत बसून मी आमचं नाटक आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांच्या बाजूने बघितलं.

दुसऱ्या अंकात टाचणी दिसतच नव्हती. दिसत होती ती तिची पाठ, तिचा अंबाडा आणि अंबाड्यातल्या तीन पिना. माझा चेहरा मात्र पूर्ण उजेडात होता. ती माझा चेहरा झाकत नव्हती. ती स्वतःचा झाकत होती. प्रत्येक वाक्याला वळून, ओठ नीट उघडून, ते माझ्या हातात देत होती. फोन वाजला, तिने कप ठेवला. दार वाजलं, तिने कप ठेवला. मी ते चित्रण तीनदा बघितलं आणि तशीच चपला घालून तिच्या घरी गेले.

ती तेव्हा एका छापखान्यावरच्या खोलीत राहायची. खाली यंत्रं चालू असली की जमीन तळपायात थरथरायची. तिने दार उघडलं. सतरा वर्षांनी आम्ही प्रयोगाशिवाय समोरासमोर.

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

ती म्हणाली, "आत ये आधी. ओरडतेस केवढ्याने!"

मला बसवून ती माझ्यासमोर बसली, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे ओठांवर उजेड पडेल. "कुजबुजे दवाखान्यात होते तेव्हा मला बोलावून घेतलं. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. म्हणाले, तिला ऐकू येत नाही, माझ्यामागे तिचं काय? मी म्हटलं, बघते मी."

"अकरा वर्षं लोकांना पाठ दाखवलीस?"

"पाठही वाईट नाही माझी."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, आपण बोलत नव्हतो ना!"

मी हसले की रडले ते आता आठवत नाही. मग मी घाबरत घाबरत सिनेमाच्या त्या निरोपाचं विचारलं. ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं थोरले. तू आरशापुढे बसून रंग काढत होतीस, तोंडाला टॉवेल लावून. मी मागे उभी होते. सगळं सांगितलं, दहा वाजता म्हणून दोनदा सांगितलं. तू मान हलवलीस. मला वाटलं, तुला ते काम नको असेल, म्हणून गेली नसशील. मग तू सगळ्यांसमोर मला चोर म्हणालीस, तेव्हा राग आला. खूप आला. पण कुजबुज्यांनी कानांचं सांगितलं आणि ती हललेली मान माझ्या डोळ्यांसमोर आली."

त्या पाठीपायी तिने काय गमावलं ते तिने सांगितलं नाही, मी नंतर शोधून काढलं. एका समीक्षकाने लिहिलं होतं की या बाईंना आता रंगमंचावर उभं राहायचंही भान राहिलेलं नाही, प्रेक्षकांना अंकभर त्यांचा अंबाडाच दिसतो. ते छापून आल्यावर दोन दिग्दर्शकांनी तिला नव्या नाटकातून वगळलं. कंपनीत मागे तिला पाठमोरी म्हणायचे. तिला घरात पोर नाही, माणूस नाही, रंगमंचच काय तो होता. तोही तिने माझ्याकडे वळवला.

चार वर्षांपूर्वी छापखान्याची इमारत पाडली, तेव्हापासून ती माझ्याकडे राहते. माझी मुलगी दोनदा विचारून गेली आहे, "या किती दिवस आहेत?" उत्तर असं आहे:

तिसऱ्या मजल्यावरील माझ्या राहत्या घरातील खिडकीची खोली टाचणीने तहहयात वापरावी. तिला तेथून कोणी उठवू नये, भाडे मागू नये, तिच्या कपाटाची जागा बदलू नये. तिच्यापश्चात संपूर्ण घर माझ्या मुलीचे होईल.

कलम पाच. समीक्षक महाशय.

नाटकाच्या चित्रणाची एक चकती कपाटात वरच्या खणात आहे. ती वर सांगितलेल्या समीक्षकांना पोचती करावी. ते हयात आहेत आणि चष्मा बदलून घेतला आहे असं ऐकते. दुसरा अंक त्यांनी दोनदा बघावा. काही लिहिलंच पाहिजे असं नाही. टाचणीला फोन केला तरी पुरे. ती फोनवर तिखट बोलेल, तेवढं सोसावं.

कलम सहा. बँकेतील शिल्लक.

बँकेतली शिल्लक मुलीची. त्यातून टाचणीची औषधं आणि वर्षाला एक चष्मा निघावा. व्यवस्था जावयांनी बघावी. ते शाळेत गणित शिकवतात आणि माझ्या सिनेमांतली माझी सगळी मरणं त्यांना क्रमाने पाठ आहेत. असा जावई सगळ्यांना मिळत नाही.

कलम सात. माझ्या मुलीस.

बाळा, हे कलम कायद्याचं नाही. वकील म्हणाले गाळा. गाळत नाही.

तुला वाटतं माझे कान म्हातारपणी गेले. मशीन आलं तेव्हा तू म्हणालीस, "वयाने होतंच असं," आणि मी मान डोलावली. ते खरं नाही. तू सतरा वर्षांची होतीस तेव्हापासून मला पाठीमागचं ऐकू येत नाही. हे तुझ्यापासून लपवलं, ही माझी चूक. तुझ्या बाबांची नाही, त्यांना सांगायचं होतं.

टाचणीने त्या हललेल्या मानेचं सांगितलं, त्या दिवशी घरी येताना मी जिन्यातच बसले. मनात आलं, मी आणखी कोणाकोणापुढे अशी मान हलवली असेल? आणि तू आठवलीस. तू तेवीस वर्षांची होतीस, तुझं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मी स्वयंपाकघरात मोरीशी भांडी विसळत होते, नळ चालू होता. मी वळले तेव्हा तू दारात उभी होतीस आणि तुझा चेहरा असा होता की तू काहीतरी बोलून थांबली आहेस. मी काहीतरी उत्तर दिलं होतं. काय, ते मला माहीत नाही. तू निघून गेलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी नीट वागलीस, फोन केलास, औषधं पाठवलीस, वर्षातून दोनदा आलीस. पण माझ्याजवळ बसली नाहीस. अठ्ठावीस वर्षं मी पडद्यावर लोकांच्या मुलींना पोटाशी धरलं आणि दर वेळी मला तो तुझा चेहरा दिसला.

हे मला पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. दारापुढे कोणीही उभं असलं तरी त्याचा चेहरा वाचणारी बाई मी, आणि तुझं दार वाजवायला मात्र कधी गेले नाही.

त्या दिवशी तू काय म्हणालीस? मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. पण मला हे मेल्यावर विचारून काय उपयोग? म्हणून याची एक प्रत आजच पोस्टाने तुला पाठवते आहे.

दिनांक तीन मार्च.

कलम आठ. पुढील मजकूर एकोणीस दिवसांनी लिहिला आहे.

वकील म्हणाले, खोडाखोड नको, कलम सात काढून नवं पान घालू. मी नको म्हटलं. जे झालं ते खाली जोडते.

परवा रविवारी सकाळी दार वाजलं. टाचणीने कप ठेवला. सवय आहे तिची, माझ्या कानात मशीन आलं तरी सुटलेली नाही. मी उठून दार उघडलं. मुलगी होती. मागे जावई, हातात पिशवी. मुलीचा चेहरा मी वाचायला गेले आणि मला एक अक्षरही लागेना.

"आत ये," मी म्हटलं. दुसरं काही येतच नाही मला.

ती आत आली. जावई पिशवी घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि टाचणीही उठून त्यांच्यामागे गेली. मुलीने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत खिडकीच्या खोलीत नेली, माझ्या खुर्चीसमोर ठेवली आणि बसली. आमचे गुडघे गुडघ्यांना लागत होते.

"मशीन चालू आहे?"

"आहे."

"तरी माझ्याकडेच बघ."

"बघतेय."

ती म्हणाली, "मी म्हणाले होते, आई, मला भीती वाटतेय. तू नको म्हण, मी नाही करत हे लग्न."

मी विचारलं, "आणि मी काय म्हणाले?"

"तू म्हणालीस, बरं, बरं. जाताना दार ओढून घे."

ती रडत होती. पण तोंड फिरवून नव्हे, माझ्याकडे बघत. मीसुद्धा. आयुष्यभर रडण्याचंच काम केलं, पण ते कसं करतात ते त्या दिवशी मला आठवेना. नाक पुसायला रुमालही नव्हता. मी म्हटलं, "मला ऐकू आलं असतं तर मी नळ बंद केला असता गं. तुला जवळ बसवलं असतं. हो की नाही ते मला आज सांगता येणार नाही, पण तुला एकटीला जाऊ दिलं नसतं."

"मला वाटलं, तुला प्रयोगाची घाई आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, लोकांच्या मुलींसाठी हिला वेळ आहे."

"तसं वाटणारच."

"बाबांनी तरी सांगायचं!"

"बाबांना मी शपथ घातली होती."

"काय बायका आहात तुम्ही! एकीने अकरा वर्षं पाठ दाखवली, दुसरीने चौतीस वर्षं कान लपवले." आणि ती रडता रडता हसली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात जावई उभे दिसले, हातात चमचा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अतिशय गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे माझं लग्न आईंना ऐकू आलं नाही म्हणून झालं?"

मुलगी म्हणाली, "हो. नशीब समजा."

"समजतो," ते म्हणाले. "आई, आभारी आहे." आणि चमच्यासह परत आत गेले. मुलगी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "बरा निघाला म्हणून वाचलीस तू." मग माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. माझ्या हातावरच्या डागांवरून बोट फिरवत राहिली.

दुपारी तिने हे मृत्युपत्र टेबलावर पसरलं आणि चष्मा लावून सगळं पुन्हा वाचलं. तिच्या सांगण्यावरून पुढील दुरुस्ती करते:

टाचणीला खिडकीच्या खोलीसोबत स्वयंपाकघर, बाल्कनी व समोरच्या खोलीचाही वापर असावा. मुलीचं म्हणणं, "एका खोलीत कोंडून ठेवायला त्या काय सामान आहेत?" टाचणी म्हणाली, मला फक्त दूध ठेवायला फ्रिजचा खालचा कप्पा हवा, वरच्या कप्प्याला हात पुरत नाही. मुलगी म्हणाली, लिही आई, खालचा कप्पा. म्हणून लिहिले.

तसेच, टाचणीच्या हयातीत घर विकण्याचा विचार मुलगी करणार नाही, असे तिने आपणहून माझ्या तोंडासमोर सांगितले. तिला हे लिहून द्यायचे होते. मी म्हटलं, नको, मी ऐकलं आहे.

निघताना चपला घालता घालता ती काहीतरी पुटपुटली. खाली वाकली होती, मला कळलं नाही. पूर्वी मी मान हलवली असती. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही. परत सांग."

ती सरळ उभी राहिली. "मी म्हटलं, पुढच्या महिन्यात आठ दिवस राहायला येऊ का? मी एकटीच."

"ये," मी म्हटलं. "दहा दिवस ये."

येणेप्रमाणे हे आठ कलमांचे मृत्युपत्र मी स्वतः, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आहे. मला ते कोणी वाचून दाखवलेले नाही. त्यातले सर्व मला मान्य आहे. टोपवाल्या काकांना घाई नाही, डॉक्टरीणबाईंना दवाखाना उघडायचा आहे, म्हणून इथेच थांबते.

लिहून ठेवणार: (सही) थोरली. पूर्ण नाव जोडपत्रात.

साक्षीदार:
वरील बाईंनी हा कागद आमच्या देखत, हसत्या तोंडाने व स्थिर हाताने सही केला. आम्ही दोघांनी त्यांच्या समोर उभे राहून सह्या केल्या.
१. (सही) डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना
२. (सही) टोपवाले काका, नाट्यगृहामागचे दुकान

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला, खिडकीची खोली
दिनांक: बावीस मार्च, सकाळी साडेनऊ